बाविसाव्या मिनिटाचा चहा

मनस्विनी पाटोदेकरला जर्मन भाषेत न अडखळता म्हणता आलेलं पहिलं वाक्य म्हणजे ‘इश वोने अलाइन’. मी एकटी राहते. फोनमधल्या शिकवणीनं दुसऱ्याच धड्यात ते तिच्याकडून घोकून घेतलं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटली. पुढच्या धड्यात ‘आमच्या घरी चार माणसं आहेत’ असं वाक्य होतं, ते मात्र तिचं सहा वेळा चुकलं. ह्यात भाषेचा दोष किती आणि नशिबाचा किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

तसं पाहिलं तर तिचं अडलं कुठंच नव्हतं. वय एकतीस, रसायनशास्त्रातली डॉक्टरेट, शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत नोकरी, उल्कानगरीत भाड्याच्या दोन खोल्या. आईवडील तीन वर्षांपूर्वी तिच्या भावाकडं, अमेयकडं पुण्याला महिनाभर म्हणून गेले आणि तिथलेच झाले. काम म्हणाल तर विजेनं पाणी फोडून त्यातला हायड्रोजन वेगळा करायचा. उद्या त्यावर गाड्या धावतील, भट्ट्या पेटतील आणि धूर निघणार नाही. ज्या शहरात नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही, तिथं बसून असलेलं पाणी फोडत बसायचं म्हणजे छातीच हवी. घरमालकीण आशाबाई तिला दर पाणीवारी विचारायच्या, "मनस्विनी, ते फोडायचं राहू दे, आणायचं काही निघत असलं तर बघ की."

सातव्या वर्षापासून ती कथक शिकत होती. पुढं बाई नाशिकला मुलाकडं गेल्या, क्लास बंद झाला, पण हिचे पाय काही थांबले नाहीत. त्यात आता परदेशातल्या जागेसाठी जर्मन. आई रविवारी फोनवर म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या. अगं, एक काहीतरी धर आणि पार ने." मनस्विनी हसायची. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य तिला दिवसभर टोचायचं, कारण तिलाही आतून तसंच वाटायचं. प्रयोगशाळेतल्यांना ती नाचणारी बाई वाटे आणि नाचणाऱ्यांना प्रयोगशाळेतली. दोन्हीकडचं आमंत्रण असायचं, पण ताट कुठंच मांडलेलं नसायचं.

फाल्गुनात तिच्या सेलची मोठी चाचणी सुरू झाली. काचेचं भांडं, त्यात क्षाराचं पाणी, पाण्यात निकेलच्या दोन पट्ट्या आणि त्यांतल्या एकीवर मनस्विनीनं दोन वर्षं खपून बनवलेला काळा लेप. हा लेप वीज वाचवतो, हे तिनं आधीच दाखवलं होतं. आता तो टिकतो का, हे दाखवायचं होतं. त्यासाठी सेल सलग हजार तास चालवायचा, म्हणजे जवळजवळ बेचाळीस दिवस. करंट किती वाहतो, ते संगणक दर सेकंदाला टिपून ठेवणार. लेप थकत जाईल तसा करंट उतरत जाणार. जितका हळू उतरेल तितका लेप चांगला.

सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला सेलमध्ये शुद्ध पाणी घालायला लागायचं. सहाला सगळे घरी जात. सहा ते आठ मनस्विनी अख्ख्या पहिल्या मजल्यावर एकटी. घरी जाऊन परत यायचं तर निम्मा वेळ रस्त्यावर जाणार. प्रयोगशाळेला लागून एक जुनी सामानाची खोली होती, तिथं कधीकाळी व्याख्यानासाठी केलेला लाकडी मंच पडून होता. तिनं तो पुसून घेतला. पहिल्या संध्याकाळी चपला काढून आधी नुसती उभी राहिली, मग घुंगरांशिवायच नाचली. दुसऱ्या संध्याकाळी पिशवीतून घुंगरू आणले. तिसऱ्या दिवसापासून साडेसहा-पावणेसात वाजले की तासभर नाच, मग अर्धा तास जर्मन आणि आठला सेलला पाणी, असा नेम बसला.

नाचाला लेहरा लागतो. पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते आणि त्या ओळीच्या चौकटीत नाचणाऱ्यानं आपला हिशोब मांडायचा असतो. फोनमध्ये त्यासाठी यंत्रं मिळतात, पण मनस्विनीकडं मुकुंदकाका होते. म्हणजे त्यांचा आवाज होता.

मुकुंदकाका क्लासात पेटी वाजवायचे. तीस वर्षं वीज मंडळात काढली, सबस्टेशनला बसून लोडचे तक्ते भरले आणि संध्याकाळी पेटी काखेत मारून क्लासला आले. क्लास बंद झाल्यावर मनस्विनी दर रविवारी त्यांच्या औरंगपुऱ्यातल्या घरी जायची. खाली भांड्यांचं दुकान, वर दोन खोल्या. काका वाजवायचे, ही नाचायची आणि अंबिकाकाकू आतून फोडणीच्या वासासकट बोलत राहायच्या. मग प्रयोगशाळेत लेप भाजायच्या भट्टीचं काम वाढलं, रविवार जायला लागले. एकदा मनस्विनीनं हे चाचरत सांगितलं, तेव्हा काकांनी तिचा फोन मागून घेतला, पेटीवर ठेवला आणि तिला बाजूला बसवून एक तासाचा लेहरा भरून दिला. "हे घे. यंत्राला रविवार नसतो," म्हणाले. रागावले होते, पण लेहरा एका जागी ढळला नव्हता.

ढळला नव्हता म्हणजे, एक जागा सोडून. बाविसाव्या मिनिटाला पेटी थांबते. बशीचा आवाज येतो. काकू म्हणतात, "अहो, चहा. गार होतोय." काका खेकसतात, "दिसत नाही का, वाजवतोय. ठेव तिथं." काकू म्हणतात, "ठेवला की पीत नाही तुम्ही." मग पावलं लांब जातात, काका घसा खाकरतात, आणि पन्नास सेकंदांनी पेटी पुन्हा सुरू होते, ह्या वेळी चढ्या लयीत. तो चहा खरंच राहिला होता. मनस्विनी निघाली तेव्हा पेटीशेजारी साय धरून बसलेला कप तिनं पाहिला होता.

तेवढा तुकडा कापून टाकणं दोन मिनिटांचं काम होतं. तिनं तो कधी कापला नाही. तिथं ती थांबायची, घाम पुसायची, दोन घोट पाणी प्यायची.

अंबिकाकाकू गेल्या त्याला आता आठ महिने झाले होते. सकाळी भाजी निवडताना बसल्या जागी गेल्या. मनस्विनी गेली होती भेटायला, पण त्याच दिवशी भट्टीत लेप भाजायला ठेवलेला होता आणि तीनला भट्टी उतरवायची होती. ती दहा मिनिटं बसली, काकांच्या समोर, आणि त्या दहा मिनिटांत तिनं तीनदा घड्याळ पाहिलं. काकांनी ते पाहिलं. "जा, तुझं काम खोळंबलं असेल," असं ते अगदी साधेपणानं म्हणाले. तेव्हापासून तिचं पाऊल त्या गल्लीत पडलं नव्हतं. आधी वेळ नव्हता म्हणून आणि मग आता कुठल्या तोंडानं जावं म्हणून. औरंगपुरा तिच्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर आहे.

तर, सेलचं काय झालं ते ऐका.

दहाव्या दिवशी मनस्विनीनं दहा-दहा मिनिटांच्या सरासरीचा आलेख काढला आणि खुर्चीत पुढं सरकली. करंट उतरत होता, पण रोज संध्याकाळी तो थोडा वर चढत होता आणि मग रात्रभर हळूहळू खाली येत होता. लेप दिवसा थकत होता आणि संध्याकाळी पुन्हा तरतरीत होत होता. असं कुणीच पाहिलेलं नव्हतं. सहाला इमारतीची वातानुकूलन यंत्रणा बंद होते, खोली तापते, त्या उबेनं लेपाची आतली मांडणी पुन्हा बसत असेल, असा तिनं तर्क बांधला. तर्क चांगला होता. अभ्यास करून बांधलेला होता.

विभागाचे प्रमुख इंद्रजीत सर. पैठण तालुक्यातल्या शेतकरी घरातले, लोडशेडिंगच्या वेळा पाठ करून शिकलेले. त्यांनी आलेख पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिला. मग म्हणाले, "मनस्विनी, पाच वर्षांत ह्या खोलीतून नाव घ्यावं असं काही निघालं नाही. हे निघालं." त्यांनी त्याचं नावही ठेवलं, स्वयंदुरुस्ती. जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या एका संशोधन गटाला त्यांनी पत्र टाकलं. तिथल्या प्राध्यापकांनी मनस्विनीशी संगणकावरून पाऊण तास गप्पा मारल्या आणि दोन वर्षांच्या जागेचा प्रस्ताव पाठवला. मनस्विनीनं तो वाचला, उठली आणि त्या दिवशी नाचली ती अशी, की खिडक्यांच्या काचा वाजल्या. तिला कुणाला तरी सांगायचं होतं. आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं. पण तिकडंही एकटीच राहणार ना?"

त्या दिवशीचा आलेखातला उंचवटा सगळ्यांत मोठा आला.

बेचाळीस दिवस भरले. उंचवटे चाळीस आले. दोन दिवस आले नाहीत, त्यांतल्या एका दिवशी वीज गेली होती म्हणून तिनं दोन्हींपुढं ‘वीजपुरवठा’ असं लिहून टाकलं. त्या दोन दिवशी ती तापानं फणफणली होती आणि रिक्षानं येऊन सेलला पाणी घालून तशीच परत गेली होती. हे तिला आठवत होतं. पण ते वहीत लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं. आपल्याला आलेला ताप आपण प्रयोगात कशाला धरतो?

मग ड्रेस्डेनहून निरोप आला. जागा नक्की करण्याआधी सरासरी न काढलेले, सेकंदा-सेकंदाचे आकडे पाठवावेत.

शनिवार होता. दुपारी इमारत रिकामी होती. मनस्विनीनं सहज म्हणून एका संध्याकाळचा उंचवटा मोठा करून पाहिला. दुरून गोलसर टेकडीसारखा दिसणारा तो उंचवटा जवळून पायऱ्यांचा निघाला. रेघ एक पायरी चढायची, टेकायची, पुन्हा चढायची. आणि मध्येच एका जागी रेघ सपाट होती. तिनं मोजलं. पन्नास सेकंद.

यंत्राची उचकी असेल म्हणून तिनं दुसरा दिवस उघडला. सपाट जागा होती. एकविसावा दिवस, सदतिसावा दिवस, होतीच. उंचवटा कधी सहा पस्तीसला सुरू झाला होता, कधी सहा पन्नासला. पण तो सुरू झाल्यापासून बरोबर बावीस मिनिटांनी पन्नास सेकंद काहीच घडत नव्हतं आणि त्यानंतर पायऱ्या दाट होत जात होत्या. ऊब घड्याळ लावून पन्नास सेकंद थांबत नाही. शेवटच्या पायऱ्या तर तिनं बोटानं टेबलावर वाजवूनच पाहिल्या. तीन सारख्या तुकड्यांची तिहाई होती आणि तिसरा तुकडा समेवर येऊन पडत होता. तिचीच तिहाई होती. तिसऱ्या तुकड्यात ती नेहमी घाई करते, ती घाईसुद्धा होती.

मनस्विनीनं टेबलावरचं बोट काढून घेतलं.

पट्टीवर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे चिकटून बसतात आणि पाण्याची वाट अडवतात, हे ती विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवते. हादरा बसला की ते सुटतात आणि करंट वाढतो. ह्या खोलीतला मंच आणि त्या खोलीतला सेलचा ओटा ह्यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती आणि खाली एकच स्लॅब होता. लेप काही दुरुस्त होत नव्हता. शेजारी एक बाई पाय आपटत होती.

तरी तिनं मन घट्ट केलं. त्याच लेपाची दुसरी पट्टी लावून सेल पुन्हा सुरू केला आणि पहिले दोन दिवस ती नाचलीच नाही. रेघ उतरतीच राहिली. तिसऱ्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, तिनं खालच्या फकिराला वर बोलावलं. फकिरा दारावरचा रखवालदार. मूळचा पाचोडचा, आता बजाजनगरला पोराकडं राहणारा. त्याला पडद्यासमोर बसवून ती म्हणाली, "फकिरामामा, ह्या आकड्यावर नजर ठेवा. चढला तर भिंतीवर थाप मारा."

ती पलीकडं गेली. घुंगरू बांधले. उजवा पाय, डावा पाय. दुसऱ्या आवर्तनाला भिंतीवर थाप पडली.

ती परत आली तेव्हा फकिरा उठून उभा राहिला होता. "चढला, मॅडम. तुम्ही थांबल्या की ह्यो बी थांबतो." मग जरा घुटमळून म्हणाला, "लई दिस झाले सांगावं म्हणत व्हतो. तुम्ही नाचता तवा खाली माझ्या टेबलावरचा गिलास हालतो. सुरुवातीला मला भूकंपच वाटला."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही बंद केलं असतं," फकिरा म्हणाला. "दिसभर हितं कुनाचाच आवाज नसतो. तेवढं एक बरं वाटत व्हतं." आणि टोपी उचलून तो खाली गेला.

मनस्विनी मंचावर बसली आणि रडली. आधी ड्रेस्डेनसाठी रडली. मग तिच्या ध्यानात आलं की आपण त्यासाठी रडत नाही. चाळीस संध्याकाळी ती एका रिकाम्या मजल्यावर नाचली होती आणि तिची पक्की समजूत होती की हे कुणापर्यंत पोचत नाही. पलीकडं सेल रोज दाद देत होता आणि खाली फकिराचा पेला हलत होता. तिला एकदा तरी कुणीतरी समोर बसून पाहायला हवं होतं. तेवढंच हवं होतं, आणि ते नव्हतं.

मंगळवारी तिनं इंद्रजीत सरांना सगळं सांगितलं. सर आधी हसले. "नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. नाचता येतं म्हणून प्रयोग वाकडा, हे आज बघितलं." मग हसू विरलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुणाला माहीत आहे?"

"मला. फकिरामामांना."

"सरासरीचे आकडे खोटे आहेत का?"

"नाहीत, सर."

"मग तेच पाठव. म्हण, बारीक आकडे राखून ठेवलेले नाहीत. तू तिकडं जाशील, दोन वर्षांत दुसरं काहीतरी खरं शोधशील. कुणाचं काय वाईट होतंय?" ते तिच्याकडं न बघता बोलत होते. "मी तुला खोटं बोल म्हणत नाही. थोडं कमी बोल म्हणतोय."

आता खरं सांगायचं तर मनस्विनीला मोह झाला. चांगलाच झाला. रात्रीपर्यंत तिनं ते पत्र मनात दहा वेळा लिहिलं. कमी बोलणं तिला नवं नव्हतं, आठ महिने ती औरंगपुऱ्याशी तेच करत होती. त्या एका विचारानं तिचं नक्की झालं. बुधवारी सकाळी तिनं सेकंदा-सेकंदाचे सगळे आकडे पाठवले आणि बरोबर पत्र लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, पण एक वाक्य जर्मनमध्ये घातलं, कारण ते तिला येत होतं. ‘इश तान्त्से.’ मी नाचते. लेपाच्या दुरुस्तीचा दावा मी मागं घेते, असं त्याखाली लिहिलं.

सरांना तिनं प्रत पाठवली होती. ते दिवसभर केबिनबाहेर आले नाहीत. संध्याकाळी जाताना दारात थांबून म्हणाले, "बरोबर केलंस. मला आवडलं नाही, पण बरोबर केलंस."

उत्तर शुक्रवारी आलं. प्राध्यापकांनी प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते. ती जागा ह्या परिणामाच्या अभ्यासासाठीच होती, तेव्हा ती आता राहत नाही. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करावा. शेवटी लिहिलं होतं की असा नियमित हादरा त्यांनी आजवर पाहिलेला नाही.

मनस्विनीनं फोनमधली नावं वरून खाली पाहिली. आईला जागा गेल्याचं कळलं असतं, आलेख कळला नसता. सरांना आलेख कळला होता, तिहाई कळली नव्हती. दोन्ही कळेल असं एकच माणूस ह्या शहरात होतं. तिनं एका संध्याकाळचा आलेख लांब पट्टीसारखा छापून घेतला, गुंडाळी केली आणि रविवारी सकाळी स्कूटर औरंगपुऱ्याकडं वळवली.

जिन्यात भांड्यांच्या दुकानाचा तोच खणखणाट होता. मुकुंदकाकांनीच दार उघडलं. वाळले होते. उजवा हात थरथरत होता, तो त्यांनी डाव्यानं धरून ठेवला होता. आतल्या भिंतीला पेटी होती आणि तिच्यावर वर्तमानपत्रांचा ढीग.

"आज भट्टी नाही वाटतं," ते म्हणाले.

"नाही, काका." मग तिला राहवलं नाही. "काका, त्या दिवशी मी घड्याळ बघत होते. माझं चुकलं. मग यायची लाज वाटायला लागली."

"मला कळलं होतं ते," काका म्हणाले. "बस. उन्हाची आलीस."

त्यांनीच तांब्याभांडं आणून ठेवलं. ती पाणी प्यायली आणि तिनं सगळं सांगितलं. लेप, बुडबुडे, ड्रेस्डेन, सरांचं बोलणं, फकिराचा पेला. शेवटी ती म्हणाली, "मला वाटलं, मला काहीतरी सापडलं. ते मीच निघाले."

"दाखव."

तिनं गुंडाळी फरशीवर उलगडली. काका चष्मा लावून खाली बसले. तीस वर्षं त्यांनी असेच कागद वाचले होते, रेघ कशी वाचायची ते त्यांना सांगावं लागलं नाही. बोट पायऱ्यांवरून सरकत गेलं आणि ओठांतल्या ओठांत ते बोल म्हणत गेले. "आकडा खोटा नव्हता तुझा," ते पुटपुटले. "कारण चुकलं होतं. होतं असं." मग बोट थांबलं. रेघ सपाट होती तिथं.

"हे काय? इथं का थांबलीस?"

मनस्विनीला वाटलं होतं की त्यांना आठवत असेल. त्यांना आठवत नव्हतं. का आठवावं? वर्षा-दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारचा तो चहा, तो कुणाच्या लक्षात राहतो?

"मी नाही थांबले, काका. तुम्ही थांबलात," ती म्हणाली. "काकूंनी चहा आणला होता."

काकांनी कागदाकडं पाहिलं. बोट त्या सपाट रेघेवर तसंच होतं. "रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज. चाळीस दिवस."

त्यांनी ती सपाट रेघ बोटानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुन्हा चाचपली. मग काका म्हणाले, "बोलली का काही ती त्यात?"

"बोलल्यात."

"माझ्याकडं तिचा आवाज नाही," काका म्हणाले. "तिला फोन आवडायचा नाही." आणि थोड्या वेळानं, "लाव."

मनस्विनीनं फोन काढला आणि ती नेमकी जागा शोधायला लागली. काकांनी तिचा हात थांबवला. "मधूनच नको. पहिल्यापासून लाव. आणि बसलीस काय, उभी राहा. लेहरा नुसता ऐकायचा नसतो."

तिच्याकडं घुंगरू नव्हते. तिनं ओढणी कमरेला बांधली, खाली बसून फरशीला हात लावला आणि उभी राहिली. फोनमधून पेटी सुरू झाली. काका भिंतीला टेकून समोर बसले आणि तिच्या पायांकडं पाहायला लागले. दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी पाहत होतं, आणि पहिल्या आवर्तनात तिची लय चुकली. मग लय सापडली. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. एका चांगल्या जागेला काकांनी मान हलवली. तिनं ती पाहिली.

बाविसाव्या मिनिटाला पेटी थांबली. तीही थांबली, सवयीनं. बशीचा आवाज आला.

"अहो, चहा. गार होतोय," अंबिकाकाकू म्हणाल्या.

मुकुंदकाकांचा हात पुढं झाला. "घेतो," ते म्हणाले. "घेतो गं."

आणि फोनमधले मुकुंदकाका खेकसले, "दिसत नाही का, वाजवतोय. ठेव तिथं."

पन्नास सेकंदांनी पेटी पुन्हा सुरू झाली, चढ्या लयीत. मनस्विनीनं पाय उचलला नाही. ती काकांच्या शेजारी फरशीवर बसली आणि दोघांनी तो लेहरा शेवटपर्यंत ऐकला.